दोनशे छप्पन्नावा ठोका

७ जानेवारी १९८५, सोमवार

आज लिंबू फुटताना अगदी जवळून पाहिलं. आमच्या कारखान्यात पाळी सुरू होताना दोनशे टनी प्रेसच्या ठशावर एक लिंबू ठेवतात, जाळीचं दार लावतात आणि पहिला ठोका त्याच्यावर घेतात. मगच पोलादी पट्टी आत सरकते आणि खरं काम सुरू होतं. लिंबाचं काही म्हणता काही उरलं नाही. जाळीतून एक थेंब उडून माझ्या ओठावर पडला. प्रेस चालवणारा मारोतराव हसून म्हणाला, "बाई, तिनं आपलं खाल्लं. आता दिवसभर दुसऱ्या कोणाले नाही खात."

मला हे असलं आवडतं, कबूल करायला काय हरकत आहे? तो दणका पायातून पोटापर्यंत चढतो. लहानपणी मी आतेभावाच्या डोक्यात पाटी फोडली होती, तेव्हाही असंच बरं वाटलं होतं. यमुताई म्हणते, तुझ्या नाकावरच्या रागाला औषध नाही. ती माझी मोठी बहीण, धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे, तेव्हा औषधातलं तिला कळतं.

ही वही माझे वरिष्ठ, मधुकरराव सर, यांच्यामुळे. हिंगणा रोडच्या या कारखान्यात मला लागून दोन महिने झाले. ट्रकच्या पट्ट्या ठोकून काढायच्या या प्रेसचे जुने रिले काढून मायक्रोप्रोसेसरचं कार्ड बसवायचं आहे, आणि त्याचा प्रोग्राम मी लिहायचा आहे. मी, म्हणजे गणितातली बी.एस्सी. आणि वर सहा महिन्यांचा कोर्स. सर म्हणाले, "मूर्ख प्रश्न विचारायला लाजू नकोस. पण एकच मूर्ख प्रश्न दोनदा विचारलास तर कान उपटीन. लिहून ठेवत जा." म्हणून लिहिते.

१० जानेवारी

आजचा पहिला मूर्ख प्रश्न: मेमरीतली जागा शून्यापासून का मोजायची, एकपासून का नाही? सर म्हणाले, सगळे दिवे विझलेले असणं हाही एक आकडाच आहे, तो फुकट का घालवायचा?

एका बाइटमध्ये आठ दिवे. सगळे विझले की शून्य, सगळे पेटले की दोनशे पंचावन्न. मग मी विचारलं, त्यात आणखी एक मिळवला तर प्रोसेसर थांबतो का? चूक झाली असं काही सांगतो का?

"नाही. गपचूप शून्य होतो आणि पुढं चालू लागतो. लाज नाही त्याला."

मी म्हटलं, मग ठोके मोजायला दोन बाइट घेऊ या. सरांनी हात झटकला. "कशाला? लॉट अडीचशेचा. पेटीत अडीचशेच नग बसतात. त्याच्या वर आजवर कोणी गेलेलं नाही. मेमरी काय तुझ्या बापाची आहे?"

बापाचं नाव काढलं तेव्हा हातातला पेचकस त्यांच्या टेबलात रोवावासा वाटला होता. पण नंतर त्यांनीच पाठ थोपटली. त्याचं असं झालं, लॉट संपला की मारोतराव लाल बटण दाबणार, क्लच सुटून प्रेस थांबणार, मोजणी शून्यावर येणार. मग "लॉट संपला" ही खूण वेगळी कशाला ठेवायची? प्रत्येक ठोक्यानंतर प्रोग्रामने मोजणी पाहावी. शून्य दिसलं, म्हणजे प्रेस थांबलेली आहे, दार उचल. एक अख्खा बाइट वाचवला मी. सर म्हणाले, "हुशार आहेस." सीताबर्डीपर्यंत सायकल कशी आली मला कळलंही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

मारोतराव काटोलचा. थोरल्या भावाची, बाबारावाची, तिथं संत्र्यांची बाग आहे. आज त्याने मला घरी न्यायला संत्री दिली. पंचवीस मोजली आणि वरून पाच टाकली.

"हे कशाचे?"

"हे वरचे पाच, बाई. आमच्या घरची रीत हाय. मोजून देल्लं तं काय देल्लं? कोणी कमी पडलं म्हनू नये."

रामाजी फिटर तिथंच दाराच्या सांध्याला ग्रीस लावत होता. तो म्हणाला, "संत्र्याचं काय घेऊन बसल्या? प्रेसवर बी असंच करते हा. लॉटमागं पाच पट्ट्या जास्त. स्टोअरवाले याच्यावर खूश, अन् बाकीचे याच्यावर जळून राहिले."

यमुताईने तिसाच्या तीस संत्री दोन दिवसांत संपवली असती, मी तिच्या हातावर चापट मारली म्हणून बारा उरली. काटोलची माणसं मनाने मोठी.

१८ जानेवारी

आज माझा प्रोग्राम पिसाळला. टेबलावरच चाचणी चालू होती, कार्डाला दाराचा सिलिंडर जोडलेला. एकाएकी दार धाडधाड वर-खाली आपटायला लागलं. रामाजीचा मोठा पेचकस मध्ये सापडला, तो वाकला आणि मग तुटला. रामाजीने हात काढला होता म्हणून बरं. तो पांढराफटक पडला होता आणि मी, लाज वाटते लिहायला, हसत सुटले.

चूक सापडली चार तासांनी. दहा जागा माझ्या होत्या, मी अकरावीत लिहिलं. त्या अकराव्या जागी "परत कुठं जायचं" तो पत्ता होता, तो माझ्या आकड्याखाली चिरडला गेला. यंत्र घरी जायचं विसरलं आणि वाट फुटेल तिकडं धावलं. मी विचारलं, त्याला कळत नाही का, ही जागा हिची नाही म्हणून? सर म्हणाले, "जागा कोणाची ते फक्त तुला ठाऊक. त्याला सगळ्या सारख्याच."

रामाजीला नवा पेचकस आणून द्यायला हवा.

२४ जानेवारी

कार्ड प्रेसवर चढलं! पन्नास नगांचा लॉट, एकदाही अडखळलं नाही. लाल बटण दाबलं की क्लच सुटतो, दार आपसूक वर जातं, एखाद्या नम्र नोकरासारखं. मी सगळ्या पाळीला उभं करून शिकवलं, "जुनं सगळं विसरा. आता एकच ध्यानात ठेवा, दार बंद म्हणजे प्रेस चालू, दार उघडं म्हणजे प्रेस बंद. दार उघडलं की बिनधास्त हात घाला." तीनदा म्हणवून घेतलं. शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात म्हणाले.

रामाजी मात्र एकटा मान हलवत होता. "बाई, मी क्लचले दाराची वायर न्यारी लावून देऊ काय? दार उचललं का क्लच सुटलाच पायजे. तुमचं कार्ड काही म्हनो."

मी सगळ्यांसमोर त्याला झाडला. म्हटलं, पाच वर्षांपूर्वी ह्याच दाराच्या स्विचला तार बांधून प्रेस उघडी चालवणारा तूच ना? आणि आता मला शिकवतोस? लोक हसले. तो खाली बघून निघून गेला. वायर लावायची काही गरज नाही. प्रोग्रामात आहे ते सगळं.

११ फेब्रुवारी

चाचण्या संपल्या. आज पुरा अडीचशेचा लॉट सरांनी स्वतः घेतला, लाल बटणावर अंगठा ठेवून. अडीचशेला बरोब्बर दाबलं. उद्यापासून प्रेस मारोतरावाच्या ताब्यात. सरांनी आम्हा सगळ्यांना सामोसे दिले.

१२ फेब्रुवारी, मंगळवार



पहिल्या पाळीचा पहिलाच लॉट. मी वर केबिनमध्ये होते. दणके नेहमीच्या तालात चालले होते आणि मग मध्येच एक दणका वेगळा आला. ओला. मला तो आवाज कळला नाही, माझ्या पोटाला कळला. मग ओरडणं. मारोतराव ओरडत नव्हता, बाकीचे ओरडत होते.

मी जिना उतरेपर्यंत प्रेसने आणखी दोन ठोके घातले होते. ती थांबलीच नव्हती. दार सताड उघडं, आणि ती आपली ठोकतेच आहे. रामाजीने धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला तेव्हा गप्प झाली. मारोतराव प्रेसला पाठ लावून खाली बसला होता आणि उजव्या बाहीकडे बघत होता. मनगटाच्या वर चार बोटं, तिथून पुढं काही नव्हतं. ठशात हात नव्हता, हाताचा छाप होता. रक्ताने लाल झालेली पट्टी पुढच्या नगासाठी सरकून तयार उभी होती.

तो मला म्हणाला, "बाई, दार आपनहून उघडलं."

माझं डोकं फिरलं. दार आपणहून कसं उघडेल? शून्य असल्याशिवाय उघडत नाही, आणि लाल बटण दाबल्याशिवाय शून्य होत नाही. म्हणजे दार उघडं ठेवून चालवायला कोणी तरी दाराच्या स्विचला तार बांधली. मी वळले, रामाजीची कॉलर धरली आणि त्याला खांबावर आपटला. "तार कुठंय? कुठं लपवलीस?" तो "मायच्यान बाई, म्या नाही बांधली" एवढंच म्हणत राहिला. मी इतका हलवला त्याला की शर्टाची बटणं तुटून उडाली. सत्तर माणसं बघत होती. तार सापडली नाही. लपवली असणार.

१३ फेब्रुवारी

बाबाराव आला. काटोलच्या पहिल्या बसने, बरोबर तिघे जण, आणि प्रत्येकाच्या हातात संत्र्याच्या पेटीची फळी, खिळे न काढलेली. पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहिले. कोणाला तरी विचारलं, रामाजी कोणता? त्याने बोट दाखवलं.

मी वरच्या खिडकीतून पाहिलं. पहिली फळी तोंडावर बसली. लाकूड मोडलं की जबडा, हे आवाजावरून कळलं नाही. तो पडल्यावर त्यांनी बरगड्यांवर पाय घातले. एकाही कामगाराने मध्ये पाऊल टाकलं नाही. मी तरी कुठं टाकलं? खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. भोग म्हटलं, एका माणसाचा हात खाल्लास. बाबाराव जाताना ओरडून गेला, "ज्यानं माह्या भावाचा हात खाल्ला, त्याचा हात मी अंगावर ठेवत नाही! अजून फक्त तोंडच फोडलं हाय!"

संध्याकाळी यमुताई म्हणाली, दोघेही तिच्याच दवाखान्यात आहेत. मारोतराव वरच्या मजल्यावर, रामाजी खाली.

१५ फेब्रुवारी

चौकशीत माझा जबाब झाला. सरांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. "दार आपोआप उघडणे या प्रोग्राममध्ये शक्य नाही." खाली सही. बाबारावावर काही झालं नाही, साक्ष द्यायला कोणी पुढं आलं नाही. पोलीस मात्र रामाजीच्या खाटेपाशी बसून आहे. बरा झाला की त्याला नेणार.

२० फेब्रुवारी

यमुताईशी कडाक्याचं भांडण. ती म्हणाली, मारोतराव येईल त्याला एकच सांगतोय, दार आपणहून उघडलं. कोणी मानत नाही. बायको, कौशल्या, तीसुद्धा म्हणते, "पेऊन गेले असान, नाही तं हात कोन घालते?" गडी दारूला शिवत नाही म्हणे. काल त्याने यमुताईला विचारलं, "सिस्टर, माणूस आपल्या हातानं दार उघडते अन् विसरून जाते, असं होते काय? हात गेला तं गेला, डोकं बी गेलं काय माह्यं?"

मी म्हटलं, तार बांधली होती, चौकशी झाली, विषय संपला.

"तार पाहिलीस तू?"

मी ताट भिरकावलं. भिंतीला वरणाचा डाग पडला. यमुताईने माझा हात मुरगाळून पाठीमागं नेला, नर्स आहे, तिला कुठं दुखतं ते ठाऊक. म्हणाली, "परवा माझ्याबरोबर येशील आणि त्याच्या तोंडावर सांगशील, खोटं बोलतोस म्हणून. मग मी तुला काही म्हणणार नाही."

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. सांगायला तयारी करून गेले होते.

मारोतराव अर्धा झाला आहे. हाताच्या जागी कापसाचं मोठं गाठोडं. मी विचारलं, नीट सांगा, काय काय केलं, पहिल्यापासून. तो इतका खूश झाला की मला त्याच्याकडे बघवेना. आजवर त्याला असं कोणी विचारलंच नव्हतं.

"लिंबू ठेवलं, दार लावलं, चालू केलं. लिंबाचा ठोका झाला. मंग पट्टी. अडीचशे मोजल्या. मोजणीत म्या कधी चुकत नाही, बाई. मंग वरचे पाच. पाचवी झाली अन् आता लाल बटन दाबू म्हनून हात उचलला, तं दार आपनहून वर. म्हटलं, झालं, बंद झाली, तुमच्या यंत्राले बी माह्ये पाच पाठ झाले दिसते. शेवटची पट्टी अडकली होती, ते काढाले हात घातला. तुम्हीच सांगतलं होतं ना, दार उघडं म्हनजे बंद?"

मी मनात बेरीज करत होते. लिंबाचा एक. अडीचशे. पाच.

कौशल्या म्हणाली, "पाहा वं बाई, हेच दिवसभर. पागल झाला माणूस." मी उठले.  दोनशे पंचावन्नात एक मिळवला की काय होतं, हा प्रश्न मी दहा जानेवारीला विचारला होता. उत्तर माझ्याच अक्षरात या वहीत आहे. आत्ता मागं जाऊन वाचलं. "लाज नाही त्याला."

शून्य झालं. दार उचललं. क्लचला कोणी काही सांगितलंच नव्हतं. रामाजी म्हणाला होता, वायर लावू का.

२३ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. त्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. म्हणाले, "किती बदल आहे?"

"दोन बाइट मोजणीला, एक बाइट लॉट संपल्याच्या खुणेला. आणि क्लचची वायर वेगळी."

"मग कर. नवी चिप आजच भर. जुनी दिव्याखाली ठेव."

जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली चिप वीस मिनिटं ठेवली की तिच्यात भरलेला प्रोग्राम सगळा पुसून जातो, नवी कोरी होते. मी विचारलं, आणि रामाजी?

"त्याने तार बांधली होती."

"आत्ता नाही, सर. पाच वर्षांपूर्वी."

"म्हणजे बांधणारा आहेच ना? सुहासिनी, बाहेर सत्तर माणसं आहेत आणि काटोलला आणखी आहेत. तुला रामाजीची गत पाहिजे का? मी तुला वाचवतोय."

खरंच वाचवत होते की काय, ते मला अजून कळत नाही. जबाबावर सही माझी एकटीची आहे. त्यांची कुठंच नाही.

२६ फेब्रुवारी

नवी चिप भरली, चालते. तीनशेपर्यंत मोजून पाहिली.

जुनी दिव्याखाली ठेवली. खटका दाबला. झाकणाच्या फटीतून जांभळा उजेड दिसत होता. बाबारावाची फळी आठवत होती, खिळ्यांसकट. मला मारायला आवडतं, मार खायला मी कधी शिकले नाही. आयुष्यात मला कोणी जोरात मारलेलं नाही, मीच सगळ्यांना मारत आले. मी भित्री आहे हे मला आज कळलं आणि त्याचाच इतका राग आला की झाकण उपटून काढलं. दिवा चालू असताना डोळ्यांनी बघायचं नसतं, तरी पाहिलं, डोळे अजून चुरचुरतायत. चिप बाहेर काढली तेव्हा मिनिट पुरं झालं नव्हतं. यंत्रावर लावून एकेक बाइट ताडून पाहिला. सगळं जसंच्या तसं होतं.

सरांना सांगितलं, पुसली. मोज्यात घालून घरी आणली.

१ मार्च, शुक्रवार

रामाजीला काल दवाखान्यातून सोडलं. जबडा तारेने बांधलेला, म्हणून पोलिसांनी लगेच न नेता आज दुपारी ठाण्यात हजर व्हायला सांगितलं होतं. सकाळी तो हत्यारांची पेटी न्यायला कारखान्यात आला. सर नऊला येतात. सातच्या पाळीला मी क्लचची नवी वायर सोडवली, प्रेसच्या कार्डात जुनी चिप बसवली आणि ओरडून सगळ्यांना बोलावलं. 

"ही मारोतरावाच्या वेळची चिप. जवळ कोणी यायचं नाही. फक्त मोजा. मोठ्यानं."

लिंबू ठेवायला कोणी पुढं येईना, मीच ठेवलं. दार लावलं, चालू केलं. एक. दोन. आधी पाच-सहा जण मोजत होते, शंभरापर्यंत सगळेच मोजू लागले. सत्तर गळे आणि तो दणका. दोनशे. दोनशे एक्कावन्न. कोणी तरी म्हणालं, "आता मारोतचे वरचे पाच." दोनशे पंचावन्न. दोनशे छप्पन्न.

दार वर गेलं. कोणीही हात लावला नव्हता. लाल बटणापासून मी चार हात दूर उभी होते.

आणि प्रेस ठोकत राहिली. उघड्या तोंडाने. दोनशे सत्तावन्न आता कोणी म्हणालं नाही. मारोतरावाचा हात ज्या ठोक्याने गेला तो ठोका आम्ही सगळ्यांनी पाहिला, मग त्याच्या पुढचा पाहिला. रामाजीने जाऊन मेन स्विच ओढला.

मी म्हटलं, "तार नव्हती. चूक प्रोग्रामची. प्रोग्राम माझा. रामाजीने वायर लावायला मागितली होती, मी लावू दिली नाही. आणि कॉलर मी धरली, म्हणून त्याला मारलं."

रामाजी माझ्यासमोर आला. तोंड उघडत नव्हतं, नाकाने श्वास घेत होता. मग त्याने माझ्या मुस्काटात मारली. कानात घंटा वाजली, मी प्रेसच्या पायावर जाऊन आदळले, ओठ फुटला. कोणी त्याला आवरलं नाही आणि माझाही हात उठला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच उठला नाही. त्याने दुसरी मारायला हात उचलला, तो तसाच हवेत राहिला, आणि तो खाली बसून दातांना तार असलेल्या तोंडाने रडायला लागला. तो आवाज मी विसरणार नाही.

मग बांधलेल्या दातांतून एवढंच म्हणाला, "मारोतले सांग. जाय."

आधी त्याच्याबरोबर ठाण्यात गेले, जबाब बदलून दिला, चिप जमा केली. सर कारखान्याच्या दारात भेटले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नोकरी गेली असावी. विचारायचं राहिलं.

२ मार्च, शनिवार

दुपारी मारोतरावाकडे गेले. खाटेपाशी उभं राहून सांगितलं, एका दमात, बाइट-बिइट काही नाही. तुमचे दोनशे छप्पन्न झाले की माझं यंत्र विसरत होतं आणि दार उघडत होतं.

तो डाव्या हातावर रेटून उठून बसला.

"म्हनजे आपनहून उघडलं."

"हो."

"म्या नाही उघडलं."

"नाही."

"रामाजीनं बी नाही."

"नाही. माझ्यामुळं उघडलं."

तो कौशल्याकडे वळला. "आयकलं काय वं? मी पागल नाही झालो. आयकलं?"

कौशल्या उठली. तिने माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि डोकं खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. एकदा, मग परत एकदा. यमुताई धावली. पण त्याआधी मारोतराव म्हणाला, "सोड तिले. तिले अजून सांगाचं हाय."

मग त्याने एकेकाला बोलावून घेतलं. शेजारच्या खाटेवरचा रामटेकचा म्हातारा, झाडू मारणारी बाई, काटोलहून डबा घेऊन आलेला साडू, ड्रेसिंगवाला. प्रत्येक वेळी तो म्हणायचा, "बाई, सांगा यायले," आणि मी सांगायची. प्रत्येक वेळी तो माझ्या तोंडाकडे बघत राहायचा, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा, आणि शेवटी मान डोलवायचा. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा सांगितलं. सहाव्यांदा कौशल्याने मला पाणी दिलं. माझ्याकडे न बघता दिलं, पण दिलं.

निघताना त्याने डाव्या हाताने माझा पदर धरला.

"उद्या दादा येऊन राहिला काटोलहून. बाबाराव. त्याले बी तूच सांगजो."

मी विचारलं, "ते मला मारतील?"

तो खोटं बोलणाऱ्यांतला नाही. 

"मारन," म्हणाला. "पन आयकून घेईन, अन् मंग मारन. आठले त्याची बस येते. साडेसातले ये."

यमुताई बाहेरून दार बडवते आहे, जाऊ नकोस म्हणून. मी आतून कडी लावली आहे. गजर सहाचा लावला आहे.